ट्यूब मागण्याआधी अंग दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुष्ठरोग आणि क्षयरोगाचे रुग्ण शोधायला आशाताई घरोघर फिरतात, तेव्हा आमच्या भागातल्या पुष्कळ दारांतून त्यांना एकच उत्तर मिळतं, "आमच्यात कुणाला काय नाही, पुढं जावा." त्यातल्याच एखाद्या घरातलं माणूस संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बाही वर सारतं, "मॅडम, ह्याला एखादी चांगली ट्यूब द्या की." मी सांगलीत मार्केट यार्डाजवळ मेडिकल चालवते. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण आशाताईंना जे दाखवलं जात नाही आणि डॉक्टरांपर्यंत जे पोचत नाही ते माझ्या काउंटरवर रोज येतं, म्हणून हे पत्र.

अंगावर उठलेलं सगळं कातडीचंच दुखणं असतं असं नाही. साखर, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, रक्त यांतलं काहीतरी बिघडल्याची पहिली खूण कित्येकदा कातडीवर उमटते. अंगात शिरलेल्या जंतूंचंही तसंच. आणि कुणी जाणत्याने बघायच्या आत आपण ती खूण मलम चोळून पुसून टाकतो.

लोक जी 'चांगली ट्यूब' मागतात तिच्यात बहुधा तीन औषधं एकत्र असतात: बुरशीवरचं, जिवाणूंवरचं आणि स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते ती स्टेरॉइडमुळे. लाली उतरते, माणूस खूश होतो आणि बुरशी मात्र पसरत राहते. जांघेतला नायटा पुढे पोटावर येतो, त्याच्या कडा इतक्या पुसट होतात की डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं. सतत ट्यूब लावून जांघेतली कातडी पातळ झालेली आणि तिच्यावर कायमचे पट्टे पडलेली कॉलेजची मुलं मी बघते. तीच ट्यूब गोरं होण्यासाठी चेहऱ्याला लावून गाल लालभडक झालेल्या मुलीही बघते. केंद्र सरकारने २०१८ साली स्टेरॉइडची १४ मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पण मी चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक "राहू द्या, पलीकडं मिळतंय" म्हणून निघून जातं, आणि पलीकडं ते खरंच मिळतं. याचा मला फार संताप येतो, कारण त्या ट्यूबखाली नायट्यापेक्षा पुष्कळ मोठं काही दडलेलं असू शकतं.

यार्डातल्या एका हमालाच्या हातावर फिकट, किंचित तांबूस चट्टा होता. त्यालाही ट्यूबच हवी होती. "खाजतंय का?" विचारलं तर म्हणाला, "अजिबात नाही, म्हणून तर इतके दिवस सोडून दिलं." नायटा खाजल्याशिवाय राहत नाही. मी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा पीळ करून हाताला हलकेच टेकवला. चट्ट्याबाहेर टेकवला की तो बोट ठेवून जागा दाखवायचा, चट्ट्याच्या आत टेकवला की नुसता वाट बघत राहायचा. त्याला तसाच सिव्हिलला पाठवला. तो कुष्ठरोगच निघाला. आता तो पूर्ण बरा आहे, पोती उचलतो, हाताची बोटं शाबूत आहेत.

या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली शोधला. तो मज्जातंतूंत मुक्काम करतो, म्हणून चट्टा बधिर होतो, त्यावर घाम येत नाही, तिथले केस विरळ होतात. अंगात शिरल्यापासून खूण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. तीन औषधांचा एकत्रित उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ पासून सुचवलेला आहे आणि आपल्याकडे सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्यायच्या, बस्स. त्यातल्या क्लोफाझिमिनने रंग काळवंडतो म्हणून काही जण गोळ्या मध्येच सोडतात. त्यांना सांगावंसं वाटतं की औषध संपल्यावर तो रंग हळूहळू उतरतो, पण वाकडी झालेली बोटं आपोआप सरळ होत नाहीत. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण झाले आणि निर्मूलनाची घोषणा झाली. लोकांनी तिचा अर्थ 'रोग गेला' असा घेतला. तो गेलेला नाही. पण त्याची लाज बाळगायचं कारण उरलेलं नाही, कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूदही २०१९ च्या कायद्याने काढून टाकली. शेजारच्या मिरजेत कुष्ठरुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभं राहिलं, आणि इथल्याच माणसांना अजून आशाताईंना अंग दाखवायची लाज वाटावी, याचं वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट मुलींच्या मानेची. आया मुलीला घेऊन येतात, "हिच्या मानेचा मळच निघंना, काहीतरी गोरं व्हायचं द्या." लिंबू, सोडा, घासणी सगळं करून झालेलं असतं, बिचारीची मान सोलून निघालेली असते. तो मळ नसतोच. मानेच्या मागे आणि काखेत कातडी काळसर, जाड, मऊ होते ती बहुतेक वेळा रक्तात इन्सुलिन वाढल्यामुळे. वजन वाढलेलं, पाळी मागेपुढे होणारी, घरात आजीला किंवा वडिलांना मधुमेह, असं सगळं जुळलं की मी क्रीम देत नाही, साखर तपासायला आणि डॉक्टरांना दाखवायला सांगते. वजन उतरलं की मानही उजळते. हाच काळेपणा उतारवयात, वजन घटत असताना, थोड्या महिन्यांत झपाट्याने आला तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा, कारण कधीकधी तो पोटातल्या कर्करोगाची खूण असतो. काळपुळी झाली, गळवं सारखी उठत राहिली, जांघेत किंवा बोटांच्या बेचक्यात चिघळणं थांबेना, तरी आधी साखर बघावी.

आमच्या यार्डात हळदीचा हंगाम सुरू झाला की हमालांचे हात, चेहरे, सदरे सगळं पिवळं होतं. अशा गावात कावीळ कातडीवरून ओळखायला जाल तर फसाल. उजेडात उभं राहून डोळ्यांचा पांढरा भाग बघायचा. तो पिवळा असेल तर कावीळ, मग लघवीचा रंगही गडद असतो. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, तरी रात्रभर अंग खाजतं अशी तक्रार घेऊन आलेल्या वयस्क माणसाला मी खाजेची गोळी देऊन वाटेला लावत नाही. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, क्वचित रक्ताचा कर्करोग, यांतलं काहीही त्यामागे असू शकतं. रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही.

अंगाच्या उघड्या भागावर उठणारे चट्टेही बघण्यासारखे असतात. शेतात गाजर गवत उपटणाऱ्याच्या पापण्या, मान, कोपराच्या घड्या सुजून खाजतात, ती ॲलर्जी. तरुण बाईच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर लाली, नाकाच्या कडेची घडी मात्र कोरी, सोबत सांधे दुखतात, केस गळतात, ताप येतो, असं असेल तर तो ल्युपस असू शकतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा रोग. तो मूत्रपिंडावर जातो. त्याला वांग समजून ब्लीच क्रीम लावणारी बाई मी पाहिली आहे. आणि गळ्याभोवती, हाताच्या पाठीवर भाजल्यासारखे काळे पट्टे, वर जुलाब आणि भ्रमिष्टपणा, हा पेलाग्रा, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग. हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास दख्खनमधल्या, नुसत्या ज्वारीवर पोट भरणाऱ्या गरिबांत तो दाखवून दिला होता. भाकरीसोबत डाळ-दूध मिळणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. आता तो मुख्यतः जेवण सोडून दारूवर राहणाऱ्यांत दिसतो, आणि अशी घरं आपल्याला ठाऊक असतात.

नागिणीबद्दल तर किती सांगावं. "दोन तोंडं जुळली की माणूस जातं" या भीतीने लोक कमरेला काव लावतात, मंत्र टाकून घेतात आणि तीन-चार दिवस घालवतात. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत झोपलेला असतो, तोच पुन्हा उठतो. म्हणून फोड अंगाच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात येतात. त्यावरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू केल्या तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. मंत्रात जातात ते नेमके हेच तास. कपाळावर किंवा नाकाच्या टोकावर फोड असतील तर डोळा जाऊ शकतो. तरुणपणी, काही कारण नसताना नागीण उठली तर एचआयव्हीची तपासणी करायला लाजू नये, त्यावर आता चांगली औषधं आहेत.

पावसाळ्यात ताप आणि पुरळ एकत्र आलं की काचेचा पेला घ्या आणि त्या डागावर दाबा. डाग दिसेनासा झाला तर एकवेळ ठीक, पण जे टाचणीच्या टोकाएवढे डाग दाबूनही जात नाहीत तो कातडीखाली झालेला रक्तस्राव असतो. डेंग्यू असेल, त्याहून भयंकर जिवाणूही असतील, त्या माणसाला त्याच दिवशी रुग्णालयात न्या. अशा तापात ॲस्पिरिन, ब्रुफेन मागू नका. ताप उतरला म्हणजे डेंग्यू संपला असंही नव्हे, धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होऊ शकतो. गवतात, बांधावर काम करणाऱ्याला ताप येऊन चार-पाच दिवस झाले तर त्याची काख, जांघ, कमरेची नाडी बांधतात ती जागा, बाईच्या छातीखालची घडी नीट बघावी. तिथे न दुखणारी, लालसर कडेची काळी खपली सापडली तर तो स्क्रब टायफस, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप. २०१८ मध्ये विदर्भात त्याची साथ आली होती. डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीने बरा होणारा हा ताप केवळ कुणी कपडे बाजूला करून पाहिलं नाही म्हणून जीव घेतो.

आणि माझ्याच कामातली एक गोष्ट. फिटची, वातरक्ताची किंवा सल्फाची गोळी नव्याने सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तोंडात फोड, डोळे लाल, अंगाची कातडी दुखरी होऊन सुटू लागली, तर मलम विचारायला दुकानात येऊ नका. गोळी थांबवा, तिचं पाकीट हातात घ्या आणि थेट मोठं रुग्णालय गाठा.

आपल्या वृत्तपत्राकडे माझं एक मागणं आहे. या खुणांची छायाचित्रं आपल्या आरोग्य पानावर छापावीत आणि ती आपल्या रंगाच्या माणसांची असावीत. इंटरनेटवरून उचललेल्या चित्रांत गोऱ्या कातडीवर पुरळ लाल दिसतं. तेच पुरळ सावळ्या अंगावर जांभळट, तपकिरी, कधी नुसतंच गडद दिसतं, आणि "लाल नाही म्हणजे काही नाही" असं समजून घरी बसलेली माणसं मला माहीत आहेत. कुष्ठरुग्ण शोधमोहिमेच्या तारखाही आठवडाभर आधी, पहिल्या पानावर द्याव्यात. त्या पथकात एक बाई आणि एक पुरुष असतो तो यासाठीच की बायकांना बाईकडून आणि पुरुषांना पुरुषाकडून, आडोशाला, अंग तपासून घेता यावं. हेही तिथेच छापावं. अन्न व औषध प्रशासनानेही सांगली-मिरजेतल्या दुकानांत स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठ्या तपासाव्यात, माझ्या दुकानापासून सुरुवात केली तरी चालेल.

आपली,
एक फार्मासिस्ट, मार्केट यार्ड परिसर, सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)