शिकागोहून आई-पप्पांना

शिकागो,
जानेवारीचा शेवटचा रविवार

प्रिय आई आणि पप्पा,
तुम्हां दोघांना, आजीला, दादाला आणि मंडळीतल्या सगळ्यांना सलाम.

मी बरी आहे. थंडी खूप आहे, पण घर गरम असतं आणि कोट चांगला जाड आहे. तेव्हा आई, मोबाईलवर शिकागोचं तापमान बघून घाबरायचं नाही. रात्रपाळीचं तुम्हाला माहीत आहेच.

पप्पा, तुम्ही म्हणालात की आजोबांवर चार ओळी लिहून पाठव, स्मरणाच्या उपासनेत वाचू. लिहायला बसते, पण थेट त्यांच्यावर लिहिताना हात थांबतो. म्हणून आधी इथल्या एका माणसाबद्दल सांगते. आजोबांनी त्यांची गोष्ट मला दोनदा सांगायला लावली असती.

थॉमस डॉर्सी. जन्म १८९९ चा, जॉर्जिया राज्यातल्या व्हिला रिका गावचा. वडील उपदेशक, आई ऑर्गन वाजवायची. तरुणपणी ते शिकागोत आले आणि पोटासाठी ब्लूज, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत, वाजवू लागले. मा रेनी ही त्या काळची मोठी गायिका, तिच्या साथीला पियानोवर हे असत. ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या, १९२८ सालची एक तर तुफान खपली. पण मन देवाच्या गाण्यांकडे ओढत होतं. त्यांनी ब्लूजचाच ताल, तीच वळणं घेऊन भक्तीची गाणी रचली आणि छापील प्रती घेऊन चर्चोचर्ची फिरले. पुष्कळ ठिकाणी नकार मिळाला. असलं नाचगाण्याचं संगीत उपासनेत नको, म्हणाले. आजोबा सांगायचे ना, त्यांनी पहिल्यांदा ढोलकीवाल्याला पेटीशेजारी बसवलं तेव्हा वडीलधारे कसे उठून गेले होते? मला तेच आठवलं. आपल्याकडे निदान कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची पुण्याई पाठीशी होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या त्या माणसानं अभंग आणि कीर्तन नगरच्या चर्चमध्ये आणून ठेवलं होतं. डॉर्सींना वाट स्वतःच पाडावी लागली.

१९३२ साली इथल्या पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्चचा गायकवृंद त्यांनी हाती घेतला, आणि पुढं कित्येक दशकं सांभाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते सेंट लुईला उज्जीवन सभेत गायला निघाले. बायको, नेटी, दिवस भरलेली. गाण्यांची बॅग घरी राहिली म्हणून ते वाटेतून परतले, तेव्हा ती झोपली होती. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. सभेतच तार आली. बाळंतपणात नेटी गेली होती. घरी आले तर मुलगा झालेला, आणि तोही लगेच गेला. मायलेकांना एकाच शवपेटीत ठेवून माती दिली. त्यांनी पुढं स्वतःच सांगितलंय की देवावर फार राग आला, त्याच्यासाठी पुन्हा गाणं लिहायचं नाही असं ठरवलं. काही दिवसांनी एका मित्रानं पियानोपाशी नेऊन बसवलं. बोटं एका जुन्या स्तोत्राच्या चालीवर फिरू लागली, आणि ‘प्रेशस लॉर्ड, टेक माय हँड’ तयार झालं. त्या गाण्यात देवाकडे कारण मागितलेलं नाही, हात मागितलाय.

मार्टिन लूथर किंग यांचं हे फार आवडतं. ४ एप्रिल १९६८ ला गोळी लागण्याच्या जरा आधी, आज रात्रीच्या सभेत हेच वाजव, असं त्यांनी वादकाला सांगितलं होतं. त्यांच्या अंत्यविधीत गायिका महालिया जॅक्सन यांनी ते गायलं. डॉर्सी १९९३ च्या जानेवारीत इथंच वारले.

हे सगळं मला वॉर्डातल्या एका वयस्क बाईंनी सांगितलं, त्यांची आई डॉर्सींच्या हाताखाली गायलेली. त्यांच्याबरोबरच मी रविवारी साऊथ साइडच्या, म्हणजे शहराच्या दक्षिण भागातल्या, चर्चला जाते. पप्पा, तो भाग टीव्हीवर दाखवतात तसाच फक्त नाही. मी दिवसाउजेडी जाते, त्यांच्या गाडीतून, आणि त्या मला दारापर्यंत सोडतात. आणि नाही, मी पुन्हा बाप्तिस्मा घेणार नाही. हे बुडवून देतात, आपण पाणी शिंपडतो, पण त्यावरून मला कोणी काही विचारलेलं नाही.

एक पद्धत मात्र सांगायलाच हवी. इथं उपदेश चालू असताना लोक गप्प बसत नाहीत. पाळक एक वाक्य बोलले की खालून उत्तर येतं, “आमेन”, “हो, बोला पाळकसाहेब”, “सावकाश”. मला आधी वाटलं भांडण लागलं. मग ऑर्गनवाला मधे पडतो. पाळकांचं वाक्य संपलं की दोन सूर, पुढचं संपलं की आणखी दोन, थोडे वरचे. पाळक आवाज चढवतात, तो सूर चढवतो, आणि शेवटाकडे उपदेश कुठे संपला आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळत नाही. लोक उभे, टाळ्या, कोणी रडतंय. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका कागदी पंखे घेऊन त्यांच्याकडे जातात, वारा घालतात, पाठीवरून हात फिरवतात. कोणी वळून बघत नाही. आपल्याकडे कीर्तनात बुवा थांबले की टाळकरी उचलतात, तसंच हे, फक्त इथं सगळी मंडळीच टाळकरी. आपल्या चर्चमध्ये पाळकसाहेब बोलताना खोकला आला तरी आजी डोळे मोठे करायची. आजीला हे सगळं वाचून दाखवा, पण ‘रडतंय’ ते गाळा.

गेल्या रविवारी तेच गाणं होतं. एक हातमोजेवाली बाई माझ्याकडे आली, तेव्हा मला कळलं की मी रडतेय. डॉर्सींना तार आली, मला दादाचा फोन आला, रात्रपाळीत. तुम्हीच म्हणालात, तू पोचेपर्यंत माती होऊन जाईल, पैसे घालवू नकोस. ते तेव्हा पटलं, अजून पटतं. तुम्ही उगीच मनाला लावून घेऊ नका, मी ठीक आहे. फक्त आजोबांच्या वेळी पेटीवर कोण बसलं होतं, ते मला कुणी सांगितलं नाही. व्हिडिओत दिसत नाही.

पप्पा, वरच्यातलं योग्य वाटेल तेवढं उपासनेत वाचा. आजोबांबद्दल एवढंच सांगा की पगार न घेता ते आयुष्यभर वाजवत राहिले, आणि स्वतःच्या बाबांना माती दिली त्या रविवारीही पेटीवर बसले होते.

पैसे नेहमीपेक्षा जास्त पाठवलेत, चुकून नव्हे. त्यातून पेटीचा भाता बदला आणि सूर लावून घ्या. विकायची गोष्ट काकांना काढू देऊ नका. उरतील ते दादाच्या लग्नाच्या हॉलसाठी. मे महिन्याच्या रजेचा अर्ज दिलाय, वरिष्ठ हो म्हणाल्यात, तरी हातात कागद आल्याशिवाय पत्रिकेत माझं नाव ‘स्वागतोत्सुक’मध्ये घालू नका. आत्याला सांगा, पुण्याच्या मुलाचा फोटो पाठवायला हरकत नाही. पण मी आल्यावर त्याला भेटेन, बोलेन, मग ठरवेन. तोवर त्यांच्या घरी होकार कळवू नका, आणि मुलगी अमेरिकेत किती कमावते हे तर मुळीच सांगू नका.

तुमची,
बेबी