‘डीप ब्लू’चे मूळ पिट्सबर्गच्या विद्यापीठात

महोदय,

संगणकाने बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला हरवले, हा विषय निघाला की आपल्याकडच्या लेखांची सुरुवात मे १९९७ पासून होते आणि सगळे श्रेय आयबीएमच्या पदरात पडते. आयबीएम या अमेरिकी कंपनीच्या डीप ब्लू संगणकाने तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला ३.५–२.५ असे हरवले हे खरेच. पण त्या यंत्राची मूळ रचना अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात झाली होती, आणि ती करणारे पीएच.डी.चे विद्यार्थी होते. वाचकांना ही बाजू कळावी असे आम्हाला मनापासून वाटते.

या विद्यापीठाचा बुद्धिबळाशी संबंध जुना आहे. तिथले ॲलन नेवेल आणि हर्बर्ट सायमन यांनी क्लिफ शॉ यांच्यासोबत १९५८ च्या सुमारास बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला. दहा वर्षांत संगणक जगज्जेता होईल, असे सायमन १९५७ मध्येच म्हणाले होते. प्रत्यक्षात चाळीस वर्षे लागली. इतका वेळ का लागला, हे आकड्यांवरून समजते.

डावाच्या मध्यात एका स्थितीत साधारण ३५ चाली शक्य असतात. दोघांच्या मिळून चार चाली पाहायच्या तर १५,००,६२५ स्थिती तपासाव्या लागतात. एकेका चालीतून पुढच्या शक्यता झाडाच्या फांद्यांसारख्या फुटतात; ‘अल्फा-बीटा’ या शोधपद्धतीत त्यांतल्या निरुपयोगी फांद्या न तपासताच छाटल्या जातात. प्रत्येक ठिकाणी सर्वोत्तम चाल आधी तपासली गेली, तर याच कामाला २,४४९ स्थिती पुरतात. क्रम चुकला की छाटणी होत नाही आणि यंत्र पुन्हा लाखांत अडकते. म्हणून चाली भराभर शोधण्याइतकेच त्या योग्य क्रमाने शोधणेही महत्त्वाचे असते.

१९८० च्या दशकात कार्नेगी मेलनच्या एकाच विभागात यावर दोन गट स्वतंत्रपणे काम करत होते. पहिला हान्स बर्लिनर यांचा. ते स्वतः पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे जगज्जेते होते. त्यांच्या ‘हायटेक’ या यंत्रामध्ये कार्ल एबेलिंग यांनी पटाच्या प्रत्येक घरासाठी एक अशा ६४ चिप बसवल्या. हे यंत्र सेकंदाला पावणेदोन लाखांच्या आसपास स्थिती तपासत असे. १९८८ मध्ये त्याने ग्रँडमास्टर अर्नोल्ड डेंकर यांना ३.५–०.५ असे हरवले.

दुसऱ्या गटातील फेंग-शिउंग शू या विद्यार्थ्याला ६४ चिपची गरजच वाटली नाही. बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्प्सन आणि जो कॉन्डन यांच्या ‘बेल’ (Belle) या बुद्धिबळ यंत्राची चाली शोधणारी रचना त्याने सुधारून एकाच चिपवर आणली. या रचनेत प्रत्येक घराचे छोटे सर्किट असते आणि सगळी घरे एकाच वेळी काम करतात. शत्रूचे जे मोहरे मारता येतील त्यांतले सर्वांत मौल्यवान आधी निवडायचे, मग ते मारू शकणारे आपले सर्वांत स्वस्त मोहरे शोधायचे. प्याद्याने वजीर मारायची चाल आधी येते, वजिराने प्यादे मारायची नंतर. वर सांगितलेला क्रम असा सर्किटमधूनच मिळतो, त्यासाठी वेगळा वेळ जात नाही. ही चिप ‘मोसिस’ या चिप बनवून देणाऱ्या सेवेतून बनली. तिथे अनेकांचे आराखडे सिलिकॉनच्या एकाच चकतीवर (वेफर) छापून खर्च वाटून घेतला जात असे. ही सोय होती म्हणूनच एका विद्यार्थ्याला स्वतःची चिप बनवून घेता आली. या चिपवर उभ्या राहिलेल्या ‘चिपटेस्ट’ या यंत्राने १९८७ ची उत्तर अमेरिकन संगणक स्पर्धा चारही डाव जिंकून मारली.

वेग आला तरी एक दोष उरतो. यंत्र ठरावीक चालींपर्यंतच पाहते. हत्ती जाणार असेल तर ते मध्येच एक प्यादे बळी देते, एखादा शह देते. नुकसान नजरेपलीकडे ढकलले जाते आणि यंत्राला वाटते हत्ती वाचला. शेवटी हत्ती जातो, प्यादेही जाते. बर्लिनर यांनी याला ‘क्षितिज परिणाम’ हे नाव दिले. थॉमस अनंतरामन, मरी कॅम्पबेल आणि शू यांनी त्यावर उपाय काढला: एखादी चाल इतर सर्व चालींपेक्षा बरीच सरस ठरली, तर त्या फांदीत आणखी एक चाल खोल जायचे. ती सरस आहे हे ठरवायलाही जादा शोध लागतो. मोजमाप सैल ठेवले तर फांद्या वाढत जाऊन घड्याळ संपते. यातले अनंतरामन बनारस हिंदू विद्यापीठातून पदवी घेऊन कार्नेगी मेलनला गेले होते. हे नाव भारतीय वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे.

मग आले याच गटाचे पुढचे यंत्र ‘डीप थॉट’. नोव्हेंबर १९८८ मध्ये लाँग बीच येथील स्पर्धेत त्याने ग्रँडमास्टर बेंट लार्सन यांना हरवले आणि ग्रँडमास्टर टोनी माइल्स यांच्यासह पहिला क्रमांक विभागून मिळवला. पुढच्या वर्षी ते संगणकांचे जगज्जेते झाले. पण ऑक्टोबर १९८९ मध्ये कास्पारोव्हने त्याला दोन्ही डावांत चीत केले. सेकंदाला वीस लाखांहून अधिक स्थिती पाहण्याची क्षमता असूनही स्थितीची पारख कच्ची होती.

याच वर्षी शू आणि कॅम्पबेल आयबीएममध्ये गेले. तिथला पैसा, एकाच वेळी अनेक प्रोसेसर चालवणारे समांतर संगणक, तिथले सहकारी जो होन यांचे काम आणि ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन यांचे मार्गदर्शन यांविना १९९७ चा विजय शक्य नव्हता, हे आम्हीही मानतो. स्थितीची सुमारे ८,००० लक्षणे ओळखणारी चिप तिथेच घडली आणि अशा ४८० चिप डीप ब्लूमध्ये होत्या. मात्र त्या चिपमधला चाली शोधणारा भाग डीप थॉटच्या चिपचाच विस्तार होता. तो बेलवरून डीप थॉटमध्ये आणि तिथून डीप ब्लूमध्ये आला, असे डीप ब्लूच्या निर्मात्यांनीच लिहून ठेवले आहे.

संगणकतज्ज्ञ एडवर्ड फ्रेडकिन यांनी बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकांसाठी १९८० मध्ये ठेवलेल्या पारितोषिकाची व्यवस्थाही याच विद्यापीठाकडे होती. मास्टर दर्जा गाठल्याचे ५,००० डॉलर १९८३ मध्ये बेलला मिळाले, ग्रँडमास्टर दर्जाचे १०,००० डीप थॉटला, आणि जगज्जेत्याला हरवण्याचे १,००,००० डॉलर १९९७ मध्ये शू, कॅम्पबेल आणि होन यांना. आपल्या अंकात पुन्हा कधी डीप ब्लूचा उल्लेख आला, तर ‘आयबीएमने बनवलेला’ या शब्दांआधी ‘कार्नेगी मेलनमधील संशोधनातून’ एवढे तरी छापावे, ही विनंती.

— संगणकशास्त्र आणि बुद्धिबळाचे काही अभ्यासक, पुणे