मॅडम, आधी स्वतःचा पेपर आम्हाला तपासायला दिलात, त्याबद्दल

मॅडम, तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही ते. पण नाशिकहून निफाड तालुक्यातल्या आमच्या शाळेत पदरचं पेट्रोल घालून, खऱ्या कामातून पोरांना कसं तपासायचं ते शिकवायला येत राहिलात, त्याचे आभार मला चारचौघांत मानायचेत.

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता शिकताच पोरांना तपासत राहण्याच्या, आठ साधनांत प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प हे सगळं २०१० पासून आहेच, कागदावर. ट्रेनिंगं पण खूप झाली, लोक आले, स्लाइडी वाचल्या, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० झालं, समग्र प्रगती पत्रक झालं, चहा घेतला नि गेले. आठवीच्या घनफळाला पोरांकडून नक्की काय करून घ्यायचं असं विचारलं की म्हणायचे, "तुम्ही क्रिएटिव्ह आहात, करा काहीतरी." अजून राग येतो मला. मग घराघरातून वडिलांनी रात्री जागून केलेली थर्माकोलची मॉडेलं येतात आणि प्रत्येक पोराबद्दल लिहायच्या वर्णनात्मक नोंदी बाजारातल्या तयार पुस्तकातून उतरवल्या जातात.

तुम्ही आल्या आल्या पोरांनाच विचारलंत, गावात घनफळ कुणाला लागतं? कांदाचाळ, सगळी ओरडलीच. तिथनं काम ठरलं, रिकाम्या चाळीत किती क्विंटल कांदा मावेल ते चाळमालकाला सांगायचं आणि तो उलटसुलट विचारेल त्याला उत्तरं द्यायची. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सगळ्यांना पाठ आहे हो, पण घनफुटाचे क्विंटल कसे करायचे? त्यासाठी क्रेट मोजा, कांद्याने भरा, काट्यावर ठेवा, एका घनफुटात किती किलो बसतात ते काढा. शिवाय चाळ छतापर्यंत कोणी भरत नाही, हवेला जागा सोडतात, नाहीतर कांदा सडतो, हे पेपरात पैकीच्या पैकी घेणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही आणि मागच्या बाकावरच्या मुलीने पहिल्यांदा सांगितलं.

पण माझ्या मनाला सगळ्यात भिडलेली गोष्ट त्याच्याही आधीची. आम्ही रुब्रिक, म्हणजे कसल्या उत्तराला कोणती पातळी द्यायची त्याचा तक्ता, बनवलं होतं, चार पातळ्यांचं, चौथी सगळ्यात वरची, आम्हाला ते छान वाटत होतं. तुम्ही काही बोलला नाहीत. टेप घेतलीत, भर उन्हात एकट्या चाळ मोजून आलात, फुलस्केपवर विद्यार्थ्यासारखं उत्तर लिहिलंत आणि आमच्यापुढे ठेवून म्हणालात, "आधी माझं तपासा." आम्ही दोघींनी वेगवेगळं तपासलं. मी चौथी पातळी दिली, सहकारी बाईंनी दुसरी! तुमच्यासारख्या अनुभवी बाईंना दुसरी पातळी दिली म्हणून त्या बिचाऱ्या अवघडून गेल्या, पण तुमच्या चेहऱ्यावर राग नाही काही नाही, तुम्ही त्यांच्याच शेजारी खुर्ची ओढून बसलात आणि शांतपणे विचारलंत, कुठे कमी पडलं माझं? तेव्हा कळलं की आमच्या 'योग्य पद्धत वापरतो' या ओळीत प्रत्येकीला वेगळंच दिसत होतं. तिथे मग 'वजनाचा अंदाज कशावरून धरला ते सांगतो' असं आलं, आणि 'सुबक मांडणी' तुम्ही आमच्याकडूनच खोडून घेतलीत कारण ते मार्क थर्माकोलवाल्या वडिलांना गेले असते.

विगिन्स नावाचे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ १९८९ मध्येच खऱ्या कामातून परीक्षा घ्या म्हणत होते हे तुम्ही जाता जाता सांगितलंत, पण त्यावर भाषण दिलं नाहीत. मोठी माणसं आपलं काम दुसऱ्याच्या लाल पेनाखाली ठेवत नाहीत, निदान मी तरी पाहिलेली नाहीत. तुमच्यासारखी माणसं प्रत्येक तालुक्याला एक जरी मिळाली ना मॅडम, तर बायाबापड्या शिक्षकांना असं एकटं वाटणार नाही.

पुढच्या वर्गासाठी द्राक्षाच्या पेटीच्या हिशोबावर काम लिहितेय. या वेळी आधी मीच सोडवून बघणार आणि माझा कागद तुमच्याकडे तपासायला पाठवणार, दुसरी पातळी द्यायची वेळ आली तर बिनधास्त द्या.

तुमची,
निफाडकडची गणिताची बाई