पंधरा दिवसांचे ताई-दादा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सुट्टीत परदेशातल्या मुलांसाठी स्वयंसेवा करा, अशा जाहिराती विद्यापीठांच्या सूचनाफलकांवर लागतात. 'अनुभवाची अट नाही' ही ओळ त्यांत बहुधा ठळक असते. अनोळखी माणसाला थेट लहान मुलांत सोडणाऱ्या कामाबाबत ही ओळ वाचूनच विद्यार्थ्याने सावध व्हावे.

पंधरा दिवसांसाठी अनाथाश्रमात जाऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कंबोडियात 2005 ते 2010 या काळात अनाथाश्रम सुमारे तीन-चतुर्थांशाने वाढले. त्यांतल्या दर चार मुलांपैकी जवळपास तिघांचे आई किंवा वडील हयात होते. शिक्षणाच्या आणि दोन वेळच्या जेवणाच्या आशेने गरीब घरांतून मुले आणली जात होती, आणि पैसे मोजून येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला मुले हवीच होती. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेतून होणाऱ्या शोषणाची दखल घेतली गेली. आश्रमातले मूल पहिल्याच भेटीत गळ्यात पडते, याचे पाहुण्यांना फार कौतुक वाटते. खरे तर सांभाळणारी माणसे सारखी बदलत राहिली की मूल कोणालाही असेच बिलगू लागते. पंधरा दिवसांनी निघून जाणारा दादा त्या यादीत आणखी एक भर घालतो.

मग जायचे कुठे? शाळेत, ग्रंथालयात, जिथे मुले संध्याकाळी आपापल्या घरी जातात. अर्ज करण्याआधी संस्थेला लेखी विचारावे: माझ्या आधी हे काम कोण करत होते, नंतर कोण करणार, माझ्यामुळे एखाद्या स्थानिक शिक्षकाचा पगार तर वाचवला जात नाही ना, आणि मी भरलेल्या शुल्कातले किती पैसे शाळेपर्यंत पोहोचतात? पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला न मागणाऱ्या संस्थेचा नाद सोडावा. ती इतरांकडूनही मागत नसणार.

तयारी चार महिने आधी सुरू करावी. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही, म्हणून वकिलातीला आधी विचारावे. पीतज्वराची लस लागणार असेल तर ती घेतल्यानंतर दहा दिवसांनीच प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. कुत्र्यांचा सुळसुळाट असलेल्या दुर्गम भागात जायचे तर रेबीजची पूर्वलस घ्यावी. सात दिवसांच्या अंतराने दोन मात्रा पुरतात. कुत्रा चावल्यावर तरीही पुन्हा लस घ्यावी लागतेच, पण मग इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची, गरज उरत नाही, आणि खेड्यात नेमके तेच मिळत नाही.

तिथे गेल्यावर मुलासोबत बंद खोलीत एकटे थांबू नये. दार उघडे आणि दुसरे मोठे माणूस नजरेच्या टप्प्यात असावे. चेहरा, नाव आणि गाव एकाच छायाचित्रातून कळू देऊ नये. फोनमधली स्थाननोंद बंद ठेवावी, हे तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. खाऊ आणि भेटवस्तू मुलांच्या हाती वाटल्या की भांडणे होतात, काही मुले मागायला शिकतात; जे द्यायचे ते मुख्याध्यापकांकडे द्यावे. जुन्या कपड्यांची गाठोडी तर नेऊच नयेत.

शिकवण्यात सगळ्यात जास्त वेळ एकाच कारणाने वाया जातो. प्रत्येक नवा स्वयंसेवक रंग, प्राणी आणि एकापासून दहापर्यंतचे आकडे यांपासूनच सुरुवात करतो. मुलांना ते केव्हाच पाठ झालेले असते. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून ती पुन्हा म्हणून दाखवतात. यावर एक साधी वही पुरते. तारीख, घेतलेला धडा, गैरहजर मुले, कोण कुठे अडले, एवढेच रोज चार ओळींत लिहावे, तेही वर्गशिक्षकांना वाचता येईल अशा भाषेत. पहिले तीन दिवस न शिकवता वर्गात मागे बसावे. निघायच्या किमान दोन दिवस आधी वही वर्गशिक्षकांच्या हाती द्यावी, म्हणजे शंका विचारायला त्यांना वेळ मिळतो.

आपले,
परदेशी स्वयंसेवेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची पूर्वतयारी करून घेणारे कार्यकर्ते