त्या आवाजात मला माग ऐकू आला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डीजेच्या दणदणाटाविरुद्ध आपल्या सदरात सध्या जी पत्रे येत आहेत, त्यांतल्या बहुतेकांशी मी सहमत आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा असताना मिरवणुकीत घराची तावदाने थरथरतात, हे थांबलेच पाहिजे. पण एका पत्रात 'यंत्रातून निघते ते कसले संगीत' असे वाक्य होते. ते मनाला लागले, म्हणून लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात पुण्याला मुलीकडे गेले होते. ती मला प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका मैफलीला घेऊन गेली. लहानशी खोली, टेबलावर वायरींचा गुंता आणि त्यामागे एक तरुणी. तिने पत्र्याच्या तुकड्याला नाण्याएवढा माइक चिकटवला होता. हवेतला आवाज तो जवळजवळ घेतच नाही, वस्तूच्या अंगातली थरथर तेवढी पकडतो. पहिली पंधरा मिनिटे माझे डोके दुखले, खरे तेच सांगते. मग तिने दोन ठोके सुरू केले, एकाची गती दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त. ते एकत्र पडायचे, हळूहळू फाकायचे, पुन्हा जुळायचे. माझ्या अंगावर काटा आला.

माझे वडील यंत्रमागाचे जॉबर, म्हणजे माग जुळवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. साखर पेठेत आमच्या भिंतीला लागूनच कारखाना होता, बारा मागांचा. आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला शंभराच्या वर ये-जा करायचा, पण कुठल्याही दोन मागांची गती तंतोतंत सारखी नसते. त्यांचे ठोकेही असेच जुळायचे, सुटायचे. आम्ही भावंडे त्या आवाजावर झोपायचो. रात्री लाइट गेली की माग थांबायचे आणि त्या शांततेने आम्ही दचकून उठायचो!

चाळिशीतच वडिलांना कमी ऐकू यायला लागले. घरात सगळे ओरडून बोलायचो. कारखान्यात मात्र त्यांचे काही अडले नाही. बिघडलेल्या मागाच्या चौकटीवर ते तळहात टेकवायचे, डोळे मिटायचे आणि 'पिकर सैल झालाय' म्हणून सांगायचे. पिकर म्हणजे धोट्याला तडाखा देणारा भाग. तेव्हा त्याचे नवल वाटले नाही. पत्र्याला चिकटवलेला तो माइक पाहिला तेव्हा कळले, वडिलांचा तळहात हेच करत होता. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांचा फोटो आहे, एका लग्नाच्या कॅसेटवर आवाजही आहे, पण ज्या आवाजात त्यांचे आयुष्य गेले तो मला पुन्हा कुठे भेटला नव्हता.

मैफलीच्या शेवटी त्या तरुणीने एकेक आवाज काढून घेतला, आणि लाइट गेल्यावर उठायचे तशी मी दचकले. शेजारच्या मुलाला म्हणे त्यात पाऊस ऐकू आला. माझ्या मुलीला काहीच आठवले नाही, नुसते बरे वाटले. या संगीताला शब्द नाहीत, त्यामुळे ज्याला जे सापडेल ते त्याचे. आणि हे सगळे समोर, त्या क्षणी घडत होते. दुसऱ्या दिवशी तसेच वाजणार नव्हते.

हे कालपरवाचे फॅडही नव्हे. फ्रेंच संगीतकार पिएर शेफेर यांनी १९४८ साली पॅरिसमध्ये रेल्वेचे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून त्यातून रचना बांधली. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला आणि भारतीय कलाकारांनी त्यावर काम केले. त्या कामाच्या टेप कित्येक वर्षे पडून होत्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

आगगाडीचे संगीत होऊ शकते, तर मागाचे का नाही? सोलापुरात धोट्याचे माग भंगारात चालले आहेत, त्यांच्या जागी रेपियर नावाचे बिनधोट्याचे माग येत आहेत. मालकांना दोष देत नाही, त्यांनाही पोट आहे. माझी विनंती एवढीच, ज्यांच्याकडे जुने माग चालू आहेत त्यांनी एखादी पाळी ध्वनिमुद्रित करू द्यावी, आणि असे संगीत करणाऱ्या तरुणांनी ती करायला यावे. आमच्या गल्लीतले एक मालक तयार आहेत. त्यांचे शेवटचे चार माग दिवाळीनंतर उतरवणार आहेत, तेव्हा त्याआधीच यावे लागेल.

आपली,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर