प्लग

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालून मोकळा हो, मग पुढे वाच. तब्येत बरी, पाठ कुरकुरते, बाकी काही नाही.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, गेलेला माझा पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, रिव्हर्ट झाला, मागे घेतला. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "मग दुसरा पाठव." तिच्या लेखी कुरिअर परत आलंय.

झालं असं, लॅपटॉपची बॅटरी दुपारीच मान टाकायची. पाहिलं तर लिनक्सच्या ड्रायव्हरने इथरनेट चिपचं एएसपीएम बंद ठेवलेलं. काम नसलं की पीसीआय एक्स्प्रेसच्या जोडणीने डुलकी घ्यायची, ती सोय. मी ती चालू केली, आठवडाभर वापरली, पॅच धाडला. शेरा काय आला? व्हेरिएबल लांब ओळीकडून आखूड ओळीकडे लावा. नेटवर्कवाल्यांत तशीच रीत आहे, म्हणे उलटं नाताळचं झाड! तुझे जर्नलचे समास आठवले. दुसऱ्या फेरीत पॅच घेतला. मी पेढे वाटले.

मग आरसी, म्हणजे नव्या कर्नलची चाचणी आवृत्ती, निघाली आणि कुणा अनोळखी माणसाचं मेल आलं. मोठी फाइल उतरवताना नेटवर्क मरतं, लॉगमध्ये 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट'. पीसीआय आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, माझ्याच चिपचा, पण आतली आवृत्ती वेगळी, मदरबोर्ड वेगळा, आणि तिला डुलकीतून नीट उठता येत नाही. त्याने गिट बायसेक्ट केलं, म्हणजे कुठल्या बदलाने मोडलं ते हुडकलं. एका कर्नलमध्ये 13-14 हजार बदल, दर खेपेला निम्मे बाद करायचे, म्हणजे 14 वेळा कर्नल बांधा आणि मशीन रीबूट करा. तेही जुन्या डेस्कटॉपवर. शेवटी बोट थांबलं ते माझ्या नावावर.

कुणी ओरडलं नाही रे. चालतं ते मोडायचं नाही, हा तिथला कायदा. रिव्हर्ट, खाली त्या माणसाचं नाव, विषय संपला. चार शब्द सुनावले असते तर झोप तरी लागली असती.

तू 2006 मध्ये लिनक्स कर्नल 2.6.17 आलं म्हणून मेसमध्ये नाचला होतास. ब्रॉडकॉमच्या वायफायचा ड्रायव्हर: कंपनीचे कागद नाहीत, म्हणून एका गटाने जुना ड्रायव्हर उलगडून नुसतं वर्णन लिहायचं आणि दुसऱ्याने त्यावरून कोड. मी म्हणालो होतो, ऐकीव वर्णनावरून चोराचं चित्र काढतात तसलं काम. दोन दिवस अबोला! आता कळतंय, ते आंधळ्यासारखे चाचपत तरी होते. माझ्यापुढे कोड उघडा, चिप मांडीवर, आणि मी एका मशिनवर तपासून पेढे वाटले. "तुझ्याकडे चालतं म्हणजे फक्त तुझ्याकडे चालतं," हे तुझं वाक्य पाठ असून.

त्या माणसाचे 14 कर्नल मोजत पडलो होतो, तेव्हा हॉस्टेलमधली ती रात्र आठवली. तुझं कंपाइल पहाटे साडेचारला मेलं होतं. प्लग दिप्याने नव्हता काढला. मी काढला, इस्त्रीसाठी. दिप्याचं नाव घेतलं, कारण तुम्ही तसेही बोलत नव्हता.

वहिनींची बदली रद्द झाली म्हणे, उत्तम. चिऊची यंदा दहावी ना? क्लासच्या नादी लागू नका.

आता दुसरा पॅच ठरावीक आवृत्त्यांपुरताच लिहितोय. तुझ्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये नाना तऱ्हेची भंगारं आहेत. प्रत्येकावर डीमेसेज चालवून कर्नलच्या लॉगमधली एक्सआयडीची, म्हणजे चिपच्या आवृत्तीची, ओळ पाठव. आणि चिडला असलास, तर आधी ओळी पाठव.

तुझा,
पक्या