हरताळ लावलेल्या पोथ्यांना ऊन दाखवू नका

संपादक महोदय,

पेठांतले जुने वाडे पाडले जाताहेत आणि माळ्यावरच्या पेट्यांतून पोथ्या बाहेर निघताहेत. झटकायच्या, ऊन दाखवायचे आणि मग कोणाला द्यायच्या ते बघायचे, असे घरोघरी चालते. यातल्या पुष्कळ पोथ्यांवर हरताळ असतो, आणि हरताळ हे विष आहे.

हरताळ म्हणजे खाणीतून निघणारे पिवळे खनिज, आर्सेनिक आणि गंधकाचे. वजनाने सुमारे ६१ टक्के आर्सेनिकच. लेखकूची, म्हणजे पोथी नकलून काढणाऱ्याची, चूक झाली की खललेला हरताळ डिंकात कालवून त्या अक्षरांवर फासत. ‘हरताळ फासणे’ म्हणतो ते हेच. काही पोथ्यांचा तर कीड लागू नये म्हणून अख्खा कागदच हरताळाने रंगवलेला असतो.

हळदीचा डाग कागदात मुरलेला असतो, हरताळ कागदावर बसलेला असतो. तिरप्या उजेडात भिंगातून पाहिले तर अभ्रकासारखे सोनेरी कण चमकतात, थराला कडा दिसते, आणि पान वाकते तिथे भेगा पडून बारीक पापुद्रे सुटलेले असतात. तीच पूड रुमालात आणि पेटीच्या तळाशी साचते.

ऊन सर्वांत वाईट. प्रकाशाने हरताळाचा हळूहळू सोमल, म्हणजे आर्सेनिकचा पांढरा ऑक्साइड, होतो. पिवळा रंग फिका, पांढुरका पडतो. सोमल पाण्यात विरघळतो आणि हरताळापेक्षा कितीतरी जहाल असतो. म्हणूनच बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय इथे घातक ठरते. जीर्ण पोथी अग्नीला देणे तर मुळीच नको, कारण जळताना सोमलाचाच धूर होतो. नदीत सोडणेही तितकेच चूक.

कागदाचा आम्लपणा घालवायला चुन्याची निवळी वापरतात, ती या पानांना चालत नाही. अल्कलीत हरताळ विरघळतो, आणि काजळीची शाई ओलाव्याने पसरते ते वेगळेच. चिकटपट्टी लावली की काढताना थर तिच्याबरोबर येतो.

पंखा बंद करून, टेबलावर कोरा कागद पसरून, नायट्राइलचे हातमोजे आणि एन-९५ मास्क घालून पाने हाताळावीत. ब्रश किंवा घरातला व्हॅक्यूम वापरू नये. पूड हवेत उडते. टेबल ओल्या फडक्याने पुसावे. कागद, फडके, मोजे पिशवीत बंद करून घातक कचरा म्हणून वेगळे द्यावेत. शेवटी साबणाने हात धुवावेत. एकदा हात लागला म्हणून घाबरून जायचे कारण नाही. धोका पोटात आणि श्वासात जाणाऱ्या पुडीचा आहे.

खालचे अक्षर वाचण्यासाठी हरताळ खरवडणाऱ्यांना तर हात जोडून सांगणे आहे, की तसे करू नका. अवरक्त किरणांत हरताळ पारदर्शक असतो आणि काजळी काळीच दिसते. अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने खोडलेला मजकूर पुष्कळदा थराला न शिवता वाचता येतो. लेखकूने काय खोडले आणि का, हे अभ्यासकांना मूळ मजकुराइतकेच मोलाचे असते.

पोथी भांडारकर संस्थेला किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाला दाखवायची असेल, तर प्लास्टिकमध्ये न कोंडता स्वच्छ सुती कापडात बांधा आणि वर चिठ्ठी लावा: ‘हरताळ आहे’.

आपले,
हस्तलिखितांच्या जतनाचे काम करणारे काही जण,
सदाशिव पेठ, पुणे